मिनिटकाटा

दादा, तुमचं घड्याळ सापडलं. आईच्या ट्रंकेत, तळाशी, तुमच्या तंबाखूच्या डबीत. आई जाऊन वर्ष झालं तरी ती ट्रंक उघडायचा मला धीर होत नव्हता. दोन आठवड्यांमागं झुरळं झाली म्हणून बायकोनं उघडली आणि डबी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "हे तुमच्या कामाचं दिसतंय." मी तुमचा लेक, सातवीपर्यंत शिकलेला माणूस. जन्मभर हजेरीपत्रकं लिहिली, एवढं लांब कधी लिहिलं नाही. मागंपुढं होईल, सांभाळून घ्या.

तुम्हाला ठाऊक नाही, मी आता घड्याळं बनवतो. विकायला नाही, हौस आहे. तुमच्या माघारी मला साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी लागली. पुढं पाऊस हटला, ऊस हटला, कारखान्याला कुलूप लागलं आणि मी घरी बसलो. तेव्हापासून भंगारातली चावीची घड्याळं आणतो. एकाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे. तबकडी घासून पांढरी करतो, तिच्यावर बारीक कुंचल्यानं जुन्या वळणाचे मराठी आकडे काढतो. चामड्याचा पट्टा स्वतः शिवतो. बघणाऱ्याला वाटावं की हे तुमच्या काळातलंच आहे. पण तयार घड्याळ मी आठ दिवस कुणाच्या हाती देत नाही. खिळ्याला टांगतो, उलटं ठेवतो, आडवं ठेवतो, मिनिटकाटा चिमट्यानं हलवून बघतो, आणि पुन्हा बघतो. बायको म्हणते, "किती वेळा छळता त्याला? तुटंल एखाद दिवशी." तुटला तर चालेल. घसरायला नको.

तुम्हाला सोसायटीनं घड्याळ दिलं ते बहात्तरच्या दुष्काळात. मजूर सोसायटीनं पाझर तलावाचं काम घेतलं होतं आणि तुम्ही मुकादम. अख्खं गाव त्या खड्ड्यात, मीही पाटी उचलायला. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, पण तबकडी वाचायला तुम्ही चार दिवसांत शिकलात. तुम्ही फक्त मोठा काटा बघायचात. म्हणायचात, "बारका काटा आळशी हाय, त्याला काय इचारायचं." साडेबाराला तुमची शिट्टी वाजायची, माणसं भाकरी घेऊन लिंबाखाली जायची. एक वाजता पलीकडच्या कडेचा सुरुंगवाला स्वतःच्या घड्याळावर बत्ती द्यायचा. तो इतका लांब असायचा की हाक पोचत नव्हती. दोन घड्याळं जुळली म्हणजे झालं, एवढाच काय तो बंदोबस्त.

आणि मी त्यातल्या एका घड्याळाचे काटे बदलले. चकलांब्याच्या बाजारात एक घड्याळवाला पोत्यावर बसायचा. त्याच्याकडे बसून बसून मला वाटायला लागलं होतं की आपल्याला सगळं येतं. तुमच्या घड्याळाचे काटे काळे, बारीक, अंधारात दिसायचे नाहीत. मी त्याच्याकडून रेडियमचे काटे आणले. एका दुपारी तुम्ही झोपलेले असताना आईच्या चुलीजवळ पितळी ताट घेऊन बसलो. ताटाला काठ असतो, बारीक वस्तू पळत नाही. मिनिटकाट्याचं भोक मोठं होतं. ते चिमट्यानं दाबलं, बसवलं, बोटानं फिरवून बघितलं. बसल्यासारखा वाटला. तुम्ही उठलात आणि आधी ओरडलात, "चालत्या घड्याळाला हात लावायला तुला कुणी सांगितलं बे?" मग घोंगडीत हात घालून आत बघितलंत. काटे हिरवे चमकत होते. तुम्ही हसलात, आईला हाक मारलीत, तिचंही डोकं घोंगडीत घातलंत. "बघ, लेकानं काजवं बसवलेत." तुम्ही मला शाबासकी दिल्याचं मला तेवढंच एकदा आठवतं.

सैल काट्याची एक खोड असते, दादा. बाराकडून सहाकडे उतरताना तो नीट चालतो. सहाकडून बाराकडे चढताना स्वतःच्या वजनानं मागं घसरतो. हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. आणि तुमची साडेबारा ते एक ही वेळ म्हणजे नेमका चढ.

त्या दिवशी सगळे लिंबाखाली बसलेत. गल्लीतली वहिनी, तेव्हा नवीन लग्नाची, भाकरी सोडून उठते. टँकर दोन दिवस आलेला नाही आणि तिची अर्धी कळशी खाली खड्ड्यात राहिलीय. "दादा, कुणी सांडली तर? मी आणू का?" तुम्ही मनगट वर करता, बघता. मी तुमच्यापासून चार हातांवर आहे, तुम्ही बघितलेलं मी बघितलं. "पाऊणच वाजलाय. पंधरा मिन्टं हायेत. पळत जा, पळत ये." ती जाते. कळशीला वाकते. सुरुंगवाल्यानं म्हणे लाल फडकं हलवलं होतं, पण वाकलेल्या बाईला ते कुठलं दिसणार. पहिला बार झाला तेव्हा तुम्ही पुन्हा मनगटाकडे बघितलंत. तुमचं तोंड मला अजून दिसतं.

सोसायटीच्या ट्रकमधून तिला बीडला नेलं, तिथून अंबाजोगाईला. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. चेअरमननं सगळ्यांसमोर विचारलं, "कावून रे मुकादम, घड्याळ कशाला दिलतं तुला? कुठं हाय ते?" तुम्ही म्हणालात, "गडबडीत नाल्यात पडलं, साहेब. घड्याळाचा दोष न्हाई. मी बघितलंच न्हाई, अंदाजानं सांगितलं." लोक म्हणाले, मुकादम पेंगत होता. कुणी म्हणालं, पिऊन होता. तुम्ही, ज्यांनी कधी वासही घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही त्याच खड्ड्यात खडी फोडायला बसलात, आणि मरेपर्यंत कुणाला वेळ सांगितली नाहीत. मी मनाची समजूत घातली होती की तुम्हाला काट्याचं कळलंच नव्हतं. घड्याळ गेलं, पुरावा गेला, आणि तुम्ही खरंच स्वतःचीच चूक मानून गेलात.

आता ही डबी. घड्याळ तुमच्या पटक्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. काच काढलेली, तासाचा काटा जागेवर. मिनिटकाटा नाही. तो वेगळा, विडीबंडलाच्या कागदात घडी घालून ठेवलेला, वाकडासुद्धा झालेला नाही. तुमची ती खडी फोडणारी बोटं. किती जपून काढला असेल. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. त्याच दिवशी, चेअरमनपुढं उभं राहण्याआधीच. काटा कुणी बसवला तेही ठाऊक होतं, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

वहिनी अजून आहे. कुबडी घेऊन ओट्यावर बसते, जीभ पूर्वीसारखीच तिखट. मी दिसलो की हाक मारते, "ए घड्याळवाल्या, किती वाजले? का आजून पाऊणच?" आणि स्वतःच हसते. मला हसता येत नाही. मागच्या आठवड्यात डबी खिशात घालून गेलो होतो. ती म्हणाली, "बस की. तुझा बाप बघून बोलला होता रे. लोक म्हणतात बघितलं न्हाई. मी त्याला बघताना बघितलं होतं ना. पण तोच न्हाई म्हणला, मग माझं कोण ऐकतंय?" मी खिशातल्या डबीवर हात ठेवून बसलो, चहा प्यालो, आणि उठलो. तिला सांगितलं तर तुमचं नाव धुऊन निघेल. पण ज्याच्यासाठी तुम्ही ते घाण करून घेतलंत, तो उघडा पडेल. तुम्हाला काय हवं होतं, ते विचारायला तुम्ही नाही. कदाचित मी ही सबब शोधतोय. उद्या जाईन, उद्या जाईन म्हणता म्हणता आठ दिवस झाले.

घड्याळ मी साफ केलं. चालतं. काच बसवली. मिनिटकाटा बसवला नाही, विडीबंडलाच्या कागदात परत गुंडाळून डबीत ठेवला. हा कागदही घडी करून डबीत त्याच्याशेजारीच ठेवणार आहे. पण एक गोष्ट राहिली, ती तुम्हालाही ठाऊक नव्हती. त्या दिवशी सकाळी तुम्ही मोरीत तोंड धूत होता. घड्याळ कोनाड्यात होतं. शेजारच्या रेडिओवर सात वाजल्याचं सांगितलं आणि तुमच्या घड्याळात पावणेसात होते. मी बघितलं. तुम्ही पुन्हा ओरडाल, काजवे काढायला लावाल, असं वाटलं. मी चावी ओढून काटा सातवर आणला. तुम्ही तोंड पुसत आलात, मनगट पुढं केलंत, विचारलंत, "बरोबर हाय ना?" पट्टा बांधता बांधता मी म्हणालो, "बरोबर हाय."