रागिणीचा पंप

२ ऑक्टोबर
मोर्शीहून आज सकाळी राजापेठेत आले. ग्रंथालयात नोकरी मिळाली आणि चालत जाण्याच्या अंतरावर खोलीही! घरमालकीण बेबीताई हार विकतात. ओसरीभर झेंडू पसरलेला असतो. पुस्तके लावून झाल्यावर दम्याचा निळा पंप उशाशी ठेवला. त्याच्या पाठीवरचा आकडा उरलेल्या मात्रा दाखवतो : एकशे बारा. पंप पाहताच बेबीताईंचा चेहरा कठोर झाला. म्हणाल्या, “हे काहून ओढतं वं पोरी? याची सवय लागते. मंग लगन कोन करते तुह्यासंग?” सवय लागत नाही, आकसलेल्या श्वासनलिका तेवढ्या मोकळ्या होतात, हे मला ठाऊक होते. मी पंप उशीखाली सरकवला.

५ ऑक्टोबर
दुपारी शेजारच्या कुलूपबंद खोलीतून घरघर ऐकू आली. असली घरघर मी लहानपणापासून ओळखते. थोड्या वेळाने ती शमली. मी पंप घेतला नव्हता, तरीही आकडा एकशे दहा. बेबीताईंना विचारले. ती त्यांच्या मुलीची, रागिणीची खोली. चार वर्षांपूर्वी मुलाकडचे तिला पाहायला आले, त्या दिवशी बेबीताईंनीच तिचा पंप लपवला होता; ती त्याच खोलीत गुदमरून गेली. “दोन घंटे कळ काढाले काय झालं होतं तिले?” एवढे बोलून त्या पुढचा झेंडू ओवू लागल्या.

९ ऑक्टोबर
एकतीस. रोज दुपारी घरघर. रोज आकडा उतरतो. मी पंप कपाटात कुलपात ठेवते, किल्ली गळ्यात असते. आज पलीकडून भिंतीवर नखे घासल्याचा आवाज आला.

११ ऑक्टोबर
शून्य. नवा पंप आणला होता, तो बेबीताईंनी पर्समधून काढून घेतला. मला रागिणीच्या खोलीत ढकलले. वही हातातच राहिली. बाहेरून कडी. म्हणतात, दोन घंटे काढ, सवय सुटते. दाराच्या फटीतून लोभानाचा धूर —

गादीखाली पंप सापडला. रागिणीचा. आकडा दोनशे. एकदाही न वापरलेला. मुदत केव्हाच संपली — तरी दाबला.
एकशे नव्व्याण्णव. माझ्या छातीत काहीच पोचले नाही. कोपऱ्यातली घरघर मात्र थांबली.

एकशे अठ्ठ्याण्णव. ती उठून उभी —

बाहेरून बेबीताई विचारतात, बरं वाटून राहिलं का.
मी नाही — ती ओ देते आहे — माझ्याच आवा