आईच्या जागी लोखंडी पट्टी

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि या एकोणीस वर्षांत तुमची आठवण मला येते ती रागानेच येते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मुलगी प्रेमाने लिहायला बसली आहे असा गैरसमज नको. तुमच्या तिथीला आई खीर करते, मी ती खाते आणि खाताना मनात तुमच्याशी भांडत असते. आईला वाटतं मी गप्प आहे म्हणजे मला गहिवरून आलंय. तिला तसं वाटू देते.

मी आता काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही. बेळ्ळंदूरला एका काचेच्या इमारतीत माझं ऑफिस आहे. कारखान्यांमध्ये काय वाया जातं ते शोधायचं, कापड, वीज, पाणी, वाफ, माणसांचा वेळ, आणि ते कसं वाचवायचं याचा अहवाल लिहून द्यायचा, असं माझं काम. आमच्या स्वतःच्या ऑफिसात भर दुपारी सगळे पडदे ओढून सगळे दिवे लावलेले असतात, ते सोडा, दिव्याखाली अंधार असायचाच. या नोकरीचे पेढे वाटले तेव्हा आपल्या सगळ्या नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "अगदी अण्णांवर गेली हो!" मी हसले. त्यातल्या एकालाही मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज इथे देते आहे.

बसवनगुडीच्या त्या गणवेशाच्या कारखान्यात तुम्ही कटिंग मास्तर होतात, आणि तुमच्या हातात कसब होतं हे मी नाकारत नाही. कॉलरचा नमुना बाहीच्या खोलगटीत असा बसवायचात की दोन्हींच्या मध्ये नखभरही कापड उरू नये. तुमच्या कात्रणातून बाहुलीचा परकरसुद्धा निघाला नसता. कापड बेतणं हा तुमचा धंदा, पण तुम्ही घरही बेतायला घेतलंत. "बेताने" हा तुमचा शब्द. नळ बेताने सोड, तूप बेताने वाढ, हसायचं तेही बेताने. शाळेच्या गोष्टी सांगताना मी जरा रंगात आले की तुमची मान वर व्हायची, आणि मी गोष्ट अर्ध्यात सोडून उठायचे. नववीत माझा पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सरी, ठीक आहे, पण नाचू नको." मी नाचत नव्हते, नुसती दारात उभी होते.

शाळा सुटली की मी कारखान्यात यायचे आणि भिंतीजवळच्या गठ्ठ्यावर बसायचे. ते लांबलचक टेबल मला अजून दिसतं. या टोकाला तुम्ही, त्या टोकाला आई, तीही तिथेच कामाला. तुम्ही कापडाच्या ताक्याचं टोक धरून चालत येता, आई ते तुमच्या हातातून घेते, काठाला काठ जुळवते, तळवा एकदा आडवा फिरवते आणि मान हलवते. मग तुम्ही परत जाऊन पुढचा थर आणता. थरावर थर चढतो. तुम्ही चालत असता तेव्हा आई उभी असते. मी तिथे असायचे त्या चार तासांत ती जेवढी हसायची तेवढी घरी आठवड्यात हसत नसे. बटणं लावणाऱ्या बायकांशी तिचं कन्नडमध्ये काय काय चालायचं! मालक तिला अक्का म्हणायचे. तिथे ती कुणाची तरी बायको आहे हे बहुतेकांच्या लक्षातही नसायचं, आणि मला वाटतं तिला तेच आवडायचं.

मग एका वर्षी मालकांनी तुम्हाला बोलावून विचारलं की मास्तर, काम तेवढंच ठेवून कुठे काही वाचवता येईल का? दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बघतो. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत आणि तीन दिवस स्वतःच्याच बायकोकडे बघत उभे राहिलात. ती किती वेळ हात हलवते, किती वेळ नुसती उभी असते. चौथ्या दिवशी तुम्ही लोहाराकडून एक लोखंडी पट्टी करून आणलीत, टेबलाच्या रुंदीएवढी. कापडाचं टोक त्या पट्टीखाली दाबलं की दुसऱ्या टोकाला माणूस लागत नाही. मालकांनी चार लोकांसमोर तुमच्या पाठीवर थाप मारली. आई तेव्हा तिथेच होती, हातात पुढच्या थराचं टोक धरून. ती पट्टी कशासाठी आहे हे तिला सगळ्यांबरोबरच कळलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ती पाठमोरी उभी राहून हुळी, म्हणजे चिंचेची आमटी, ढवळत होती. तिने विचारलं, "अहो, माझं काय चुकलं?" तुम्ही पाटावर बसला होता, ताटाकडे बघत होता. "चुकलं काही नाही. गरज नाही, एवढंच." मी तिथेच होते, अण्णा. दाराच्या आड वगैरे नव्हते, तुमच्या शेजारच्या पाटावर होते. "अगं, नुसती उभी तर असायचीस," तुम्ही पुढे म्हणालात, आणि वाटी पुढे केलीत. तिने वाढलं. बेताने वाढलं.

पुढच्या आठवड्यात मालकांनी तुम्हाला बक्षीस म्हणून मिक्सी दिली. तुम्ही ती घरी आणून आईसमोर ठेवलीत आणि म्हणालात, आता तुला वेळच वेळ आहे. असं म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मला आजही कळलेलं नाही. मूर्ख म्हणावं तर तुम्ही मूर्ख नव्हता. आईने मिक्सीला एक फ्रॉक शिवला, निळ्या चेक्सचा, गणवेशाच्याच कापडाचा, आणि तुम्ही जाईपर्यंत ती चटणी रगड्यावरच वाटत राहिली.

खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती तुम्ही कुणालाही सांगितली नाहीत. त्या जूनमध्ये शर्ट परत आले. धुतल्यावर एक बाही आखूड, एक लांब. पोती भरून शर्ट. तुम्ही म्हणालात गिरणीने कापड खराब दिलं, आणि मालकांनी मानलं, कारण मास्तर चुकत नसतात. त्यातला एक शर्ट तुम्ही घरी आणला होता. आईने तो मांडीवर घेऊन चाचपला आणि हळूच म्हणाली, "स्वल्प ताण बसलाय. पट्टीखाली दाबून ओढलं की कापड ताणलेलंच राहतं, मग कापल्यावर आकसतं. मी टोकाला ढिलं सोडत होते." इतकी वर्षं ती नुसती उभी राहून हे करत होती. तुम्ही तिच्यासमोरून दिवसात शंभरदा चालत गेलात आणि तुम्हाला ते दिसलं नाही. तुमच्या घड्याळालाही दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, "बेताने बोल."

आणि दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही प्रत्येक नव्या ताक्याच्या कापडाची एक पट्टी खिशात घालून घरी आणायला लागलात. दिवेलागणीला चहा पिता पिता ती आईच्या हातात द्यायचात, "बघ जरा." ती दोन बोटांत धरून सांगायची, हा ताका ताणाचा आहे, एक दिवस पसरून ठेवा, मग कापा. हा चालेल. हा भिजवून घ्या. तुम्ही मान हलवायचात आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन तेच सांगायचात. मालक म्हणायचे, मास्तरांच्या हाताला डोळे आहेत! हे तुम्ही आम्हाला जेवताना सांगायचात, आईसमोर, आणि ती तुम्हाला भात वाढत असायची. जिची गरज नव्हती तिच्याकडून तुम्ही मरेपर्यंत काम करून घेतलंत, आणि तिला साधी उभं राहायला जागासुद्धा दिली नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या सदऱ्याच्या खिशातही कापडाची एक पट्टी निघाली. आईने ती बघितली, बोटांत धरली, आणि बाजूला ठेवून दिली. मला त्या क्षणी तुमचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

आज हे सगळं का उकरून काढते आहे ते सांगते. गेले दोन आठवडे मी येलहंकाच्या एका कपड्याच्या कारखान्यात जाते आहे. तिथे आठ टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई आहे. मालकांना त्या आठ जणींच्या जागी कापड पकडून ठेवणारे यांत्रिक चिमटे बसवायचे आहेत. दोन टेबलांवर ते चाचणीपुरते बसवूनही बघितलेत, तिथल्या दोघींना तेवढा वेळ बाजूला उभं करून. माझ्याकडून फक्त अहवाल हवा आहे की हो, बसवा. मी टॅबलेट घेऊन एका टेबलाजवळ उभी राहिले आणि आमच्या ठरलेल्या पद्धतीने नोंदी करायला लागले. हात चालू, हात चालू, रिकामी, रिकामी.

ती बाई निपाणीकडची निघाली. माझं फोनवरचं मराठी ऐकून मी मराठी आहे हे तिने ओळखलं. "अक्का, काय लिवून घ्यायल्यासा?" मी म्हटलं, तुम्ही किती वेळ उभ्या असता ते. ती हसली नाही. "उभारल्याली हाय खरं, नुसती उभारल्याली न्हाई," ती म्हणाली. तिच्याकडे उभं राहण्याला उभारणं म्हणतात. तिने माझा हात धरला, सरळ धरला, मी मोठी मॅडम आहे वगैरे काही न बघता, आणि कापडावर ठेवला. "हितं बगा. ताठ आलंय न्हवं? हे असंच कापलं की फुडनं आकसतंय. म्हनून ढिलं सोडाय लागतंय. त्या चिमट्याला ह्ये कळंल व्हय?" माझ्या हाताला आधी काहीच कळलं नाही. तिने पुन्हा धरायला लावलं. तिसऱ्यांदा कळलं. मी टॅबलेट बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, मोठ्याने रडले, आणि तुम्हाला शिव्या दिल्या.

मग तीन दिवस मी फक्त टाकून दिलेले तुकडे तपासले. चिमटे लावलेल्या टेबलांवरचे तुकडे वेगळे काढायला लावले, धुवायला लावले. तिथले मॅनेजर कंटाळले. "मॅडम, सेंटिमेंट बेड, डेटा कोडी," भावना नको, आकडे द्या. मी म्हटलं, तेच देते आहे. आकसलेले तुकडे मी त्यांच्या टेबलावर ओळीने मांडले. काल अहवाल दिला. त्यात लिहिलं आहे की या आठ जणी रिकाम्या उभ्या नाहीत, त्या काढल्या तर कापड वाया जाईल, आणि त्यांच्या कामाला नोंदीत वेगळं नाव असायला हवं. ते नाव काय द्यावं ते मला सुचलं नाही, म्हणून मी तिथे "ढिलं सोडणे" असंच लिहिलं. मॅनेजर मान्य करतील की नाही ते सोमवारी कळेल. केलं नाही तर आठ घरांच्या चुलीवर बेतेल. तुम्ही हा अहवाल वाचला असता तर पहिल्यांदा त्यातली कागदाची उधळपट्टी दाखवली असतीत.

इथे थांबता आलं असतं. तुम्ही वाईट, मी चांगली, आईचा सूड उगवला. पण अण्णा, हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, तेव्हा इथे तरी खोटं कशाला? येलहंका माझा पहिला कारखाना नाही. त्याआधी म्हैसूर रोडवरचे तीन झाले. तिन्हीकडे टेबलाच्या टोकाला बायका होत्या. तिन्हीकडे मी लिहिलं, रिकामी. कापडाला एकदाही हात लावला नाही. तुम्ही निदान घड्याळ स्वतःचं वापरलं होतं, मी ऑफिसचं वापरलं. त्या अहवालांवर आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, आणि त्या ऐकताना मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आईचं सगळं मला ठाऊक होतं तरी झाला. त्या बायकांचं पुढे काय झालं ते बघायला मी गेले नाही. त्यांतली एकही मला आज रस्त्यात भेटली तर मला ओळखता येणार नाही.

काल संध्याकाळी आईला येलहंकाची गोष्ट सांगितली. निपाणीच्या बाईचं बोलणं तिने मला दोनदा सांगायला लावलं. तिचे डोळे भरून आले, आणि नुकत्याच वाटलेल्या चटणीचा हात तसाच हवेत राहिला. "म्हणजे तू त्यांना काढू देत नाहीस," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही देत.

"पहिल्या कारखान्यापासून?"

मी हो म्हणाले.