माणकांचं घड्याळ आणि पणजोबांचा वाघ

सातारा
४ फेब्रुवारी १९७४

चि. अंजनास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, पुण्याच्या दलालाकडून माणकं जडवलेलं एक मेजावरचं घड्याळ घेतलं आहे. कुणा संस्थानिकांना म्हणे नबाबाने नजर केलेलं. तनखे बंद झाल्यापासून राजेलोक असलं गुपचूप विकतात. किल्ली तेवढी नाही, म्हणून बंद आहे. फलटणकडचे इनामदार आपल्या शालूला बघायला यायचे आहेत. मध्यस्थाला मी सांगून ठेवलं आहे की पणजोबांनी वाघ मारला, त्याचं हे बक्षीस. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग. पोरीचं कल्याण होईल.

तुझा दादा, मानसिंग

सांगली
११ फेब्रुवारी

ती. दादांना शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून आमच्या घरी सगळे पोट धरून हसले. पणजोबांनी गुऱ्हाळातल्या घुशीशिवाय काही मारल्याचं मला ठाऊक नाही, आणि तीही पणजीने हेरून दिलेली. पण बंद घड्याळाला शोभेल असाच वाघ शोधलात. शालू काय म्हणते, ते मात्र तुम्ही लिहिलं नाही.

तुमची, अंजना

सातारा
२५ फेब्रुवारी

चि. अंजनास आशीर्वाद. घात झाला. मी वाघ रंगात आणला होता, तेवढ्यात मुलाच्या आजी उठल्या. कमरेच्या जुडग्यातली एक किल्ली काढून त्यांनी घड्याळाला लावली. ते चालू लागलं. म्हणाल्या, “माझ्या रुखवतात आलं व्हतं हे. ल्योक म्हनला, दुरुस्तीला दिलंय.”

इनामदारांनी मान खाली घातली, मी चहा मागवला. शालू तेवढी सगळ्यांदेखत हसली. तरी आजींना तीच पसंत पडली. मुलगाही चांगला आहे. पण जाताना इनामदार कानात सांगून गेले की घड्याळ रुखवतात मांडा, म्हणजे झाकली मूठ राहील. न मांडावं तर सोयरीक मोडते. शालू रुसून तुझ्याकडे निघाली आहे, तिला समजाव.

मानसिंग

सांगली
२ मार्च

ती. दादांना शि. सा. न. शालू पोचली. समजवायला बसले आणि मलाच तिचं पटलं. आईचं रुखवत चोरून विकणाऱ्याला तुम्ही ते लेकीच्या रुखवतातून परत देणार, याचा मला राग आला आहे, दादा. उद्या तो हिचंही विकील.

मुलगा आणि आजी तिला पसंत आहेत. तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते. “घड्याळ आधी आजींच्या हातात द्या, समद्यांदेखत, त्यांचंच म्हणून. रुखवतात दिसलं तर मी उभी ऱ्हानार न्हाई. मग माझ्या आबांनी घड्याळालाच मुंडावळ्या बांधाव्यात.”

लोभ आहेच, तो घड्याळावर कमी आणि लेकीवर जास्त असू द्यावा.

तुमची, अंजना