‘कोणासही इजा झाली नाही’ या वाक्याबाबत

प्रति,
मा. केंद्रसंचालक,
माध्यमिक शालान्त परीक्षा केंद्र,
मु. हिंगणघाट, जि. वर्धा

अर्जदार : वासुदेव नारायण झाडे, वय ६७, मानद ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय, मु. वडनेर

विषय : कबड्डी सामन्याच्या पंच-अहवालातील एक वाक्य मागे घेण्याबाबत व परीक्षार्थी हरिदास नत्थू थूल यास लेखनिक मंजूर करण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १२ फेब्रुवारी १९७९ चे नामंजुरीचे पत्र.

महोदय,

१) उपरोक्त पत्रात आपण असे कळविले आहे की, दि. २६ जानेवारीच्या सामन्यात कोणासही इजा झाली नसल्याचे पंचांनी लेखी दिले आहे. डॉक्टरांचा दाखला त्यानंतर दहा दिवसांनी घेतलेला आहे. सबब हरिदासचा उजवा हात केव्हा व कशाने मोडला याची खात्री पटत नाही आणि लेखनिकाची सवलत देता येत नाही. सदर पंच म्हणजे प्रस्तुत अर्जदार. आपल्या कार्यालयाने एका सहीवर विश्वास ठेवला, यात कार्यालयाची चूक नाही. सही विश्वास ठेवण्याजोगी नव्हती.

२) सामना वाचनालयाच्या छपराच्या निधीसाठी होता. पावसाळ्यात चरित्रग्रंथांचे कपाट दोनदा भिजले म्हणून गावाने हे ठरविले. एका बाजूला येथील विद्यालयाचा दहावीचा संघ आणि दुसऱ्या बाजूला माजी खेळाडूंचे मंडळ. हे सर्व पूर्वी एका कापड गिरणीचे पगारी खेळाडू होते. नोकरी यंत्रावरची, पण हजेरी मैदानावर, अशी त्यांची बारा-पंधरा वर्षे गेली. आता वये चाळिशीच्या पुढे आणि पोटे सुटलेली. त्यांचे प्रमुख बापूराव यांनी येण्याजाण्याचा खर्चही घेतला नाही, हे नमूद करणे अर्जदारास न्याय्य वाटते.

३) अर्जदार जन्मात कबड्डी खेळलेला नाही. नियमांची पुस्तिका वाचनालयात होती व ती अर्जदाराने वाचली होती, एवढ्यावरून मुख्याध्यापक महादेवराव यांनी त्यास पंच नेमले. नाही म्हणण्याचे धैर्य झाले नाही. मैदानात पाऊल ठेवताच बापूरावांनी गळ्यातल्या शिट्टीकडे बघून विचारले, “काहो पंडितजी, हे वाजवाले आणली का चावाले?” लोक हसले. अर्जदारही हसला. हसू नये हे त्यास नंतर सुचले.

४) पहिल्या डावात मुलेच पुढे होती. पाहुणे सांभाळून खेळत होते. मग हरिदासने एका चढाईत तिघांना हात लावला आणि रेघ ओलांडून परत आला. कडुनिंबाखालून कोणीतरी ओरडले, “बापूराव, आता नातू खेळवा, घरी जा.” त्यावर बायका, पोरे, शिक्षक, सारेच हसले. अर्जदाराच्या मते सामना तेथे संपला व दुसरेच काही सुरू झाले. एकाच्या बरगडीत कोपर बसले. एकाचा गळा दंडात आवळला गेला. रूपराव नावाच्या मुलाला उचलून चुन्याच्या रेषेबाहेर असे टाकले की त्याला बराच वेळ श्वास घेता येईना. अर्जदाराने दोनदा समज दिली. बापूराव म्हणाले, “खेळ हाय पंडितजी, लग्नाची पंगत नोहोय.” अर्जदाराने खेळ पुढे चालू करण्याची खूण केली.

५) आता मूळ मुद्दा. हरिदास पुन्हा चढाईस गेला. एकाने घोटा धरला, दुसरा पाठीवर बसला. त्याचा दम तुटला. ‘कबड्डी’चा उच्चार बंद झाला म्हणजे खेळाडू बाद, आणि त्याच क्षणी शिट्टी वाजली पाहिजे. अर्जदारास दम तुटलेला स्पष्ट ऐकू आला. परंतु ही पकड नियमात बसते की पायांची कैची म्हणून निषिद्ध ठरते, हे त्याच्या मनात चालले होते. त्या कलमाचे नेमके शब्द आठवत होते आणि एक शब्द आठवत नव्हता. तेवढ्यात बापूराव धावत येऊन गुडघ्यासह त्याच्या उजव्या हातावर पडले. शब्द आठवला तेव्हा शिट्टी वाजली. दरम्यान किती वेळ गेला हे सांगणे अर्जदारास जमत नाही. रोज तो ते मनात मोजतो आणि रोज वेगळे उत्तर येते.

६) हरिदास आपल्या पायांनी बाहेर गेला हे खरे आहे. सामना संपल्यावर त्याने बापूरावांच्या पायांना हात लावला, तोही डावा. उजवा त्याने सदऱ्यात लपविला होता. अर्जदाराने ते पाहिले. पाहून तो पाण्याच्या घागरीकडे गेला.

७) आपण विचाराल, मग ‘सामना खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला, कोणासही इजा झाली नाही’ असे का लिहिले? महोदय, ते वाक्य सामन्यानंतर लिहिलेलेच नाही. गर्दीत अर्जदारास धड वाक्य सुचत नाही, म्हणून त्याने आदल्या दिवशी दुपारी वाचनालयात बसून सबंध अहवाल सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता व खाली सहीही केली होती. फक्त गुणांच्या जागा मोकळ्या होत्या. सामन्यानंतर महादेवरावांनी कागद मागितला. अर्जदाराने गुण भरले आणि कागद दिला. तोच शाळेमार्फत आपल्याकडे आला. ते वाक्य खोडावे असे मनात आले होते, पण कागद फार स्वच्छ दिसत होता.

८) हरिदास घरी काही बोलला नाही. उलट “बापूरावनं धरलं मले” असे मित्रांना अभिमानाने सांगत होता. गावच्या हाडवैद्याने पट्टी बांधली, हाड वाकडे बसले. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी ते पुन्हा बसवून प्लास्टर घातले. ते मार्चअखेर निघणार आणि परीक्षा त्यापूर्वी आहे. त्याची आई तानाबाई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाते. त्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेला हा पहिलाच. हे वर्ष गेले तर त्याला पुढच्या वर्षी शाळेत ठेवणे त्या घराला झेपणार नाही, हे तानाबाईंनी न रडता सांगितले. आपले पत्र घेऊन त्या वाचनालयाच्या दारात आल्या. आत या म्हटले तरी आल्या नाहीत. म्हणाल्या, “काकाजी, तुमी त तेथंच उभे होते ना? तुमी लिवलं का माह्या पोराले काईच नाई झालं. मंग हा हात कोनाचा मोडला?”

९) त्यानंतर अर्जदार बापूरावांच्या घरी गेला. त्यांचा कबुलीजबाब मिळाल्यास आपल्या सहीची गरज पडणार नाही, असा भ्याड विचारही त्यामागे होता. बापूरावांनी खाट झटकून बसविले, चहा दिला. म्हणाले, “लोक हसले ना पंडितजी. बारा साल आमी ह्याच धरन्यावर भाकर खाल्ली. हळू धराचं कसं, थे आमाले कोनी शिकवलंच नाई.” मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, “लिवून नाई देत. पन साहेबानं विचारलं त नाई नाई म्हननार.” आपण त्यांना अवश्य विचारावे. तसेच त्यांचा पुढील सामना दुसऱ्या एका शाळेत ठरला आहे असे कळते. तेथे ते मोठ्यांशी खेळोत. त्यांना पोरांसमोर उभे करून हसणाऱ्या लोकांत अर्जदारही होता, एवढे तो बापूरावांच्या घरी शिकला.

१०) हा अर्ज चौथ्यांदा लिहिला आहे. गेल्या गुरुवारी अर्जदार एस.टी.ने हिंगणघाटला आला, आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात दीड तास बसला आणि अर्ज खिशातच घेऊन परतला. कारण त्या अर्जात पुढील परिच्छेद नव्हता, आणि तो नसेल तर अर्जाचा उपयोग नाही हे त्याला व्हरांड्यात बसल्यावर कळले.

११) सवलत मंजूर झाली तरी लेखनिक कोठून आणावा हा प्रश्न राहतो. नियमानुसार लेखनिक स्वतः शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला नसावा. नववीच्या मुलांना विचारले. कोणाची स्वतःची परीक्षा आहे, कोणाच्या घरी गहू काढणी आहे, दोघांचे पालक या भानगडीत पडू इच्छित नाहीत. यास्तव अर्जदार निवेदन करतो की, तो स्वतः लेखनिक होण्यास पात्र आहे. सन १९३० मध्ये तो मॅट्रिकच्या परीक्षेत गणितात नापास झाला व १९३१ मध्ये पुन्हा गणितातच नापास झाला. त्यानंतर बसला नाही. वाचनालयाच्या पाटीवर त्याच्या नावापुढे ‘बी. ए.’ असे आहे. ते रंगाऱ्याने आपल्या समजुतीने लिहिले. त्या वेळी अर्जदार पुसून टाक म्हणू शकला नाही आणि त्यास अठरा वर्षे झाली. गावात हे कोणास ठाऊक नाही. अर्जदाराची पत्नी हयात असेतो तिलाही ठाऊक नव्हते. चौकशीकामी आपणास हे महादेवरावांना व इतर कोणासही कळवावे लागल्यास अर्जदाराची हरकत नाही.

१२) एवढे वाचलेला मनुष्य उत्तरे सुधारून लिहील, अशी शंका आपणास येईल. ती अर्जदारासही आली, म्हणून गेले तीन दिवस रोज दुपारी हरिदास तोंडी सांगतो व अर्जदार लिहितो असा सराव चालू आहे. पहिल्या दिवशी अर्जदाराने निबंधात एक विशेषण आपल्या पदरचे घातले. हरिदासने वही ओढून वाचली आणि म्हणाला, “काकाजी, मी सांगून राह्यलो तेवढंच लिवा. तुमच्या मनातलं नोका घालू.” काल इतिहासाच्या उत्तरात त्याने लढाईचे साल चुकीचे सांगितले. अर्जदारास बरोबर साल माहीत होते. लेखणी थोडी थांबली. मग त्याने सांगितले तेच साल लिहिले.

सबब, पंच-अहवालातील ते वाक्य रद्द समजावे, आणि त्याबद्दल जी कारवाई करावयाची ती अर्जदारावर करून परीक्षार्थीस परीक्षेस बसू द्यावे.

कळावे. आपला निकाल कसाही असो, तो मान्य करणारा,

वासुदेव नारायण झाडे
(मॅट्रिक नापास)
वडनेर, दि. १९ फेब्रुवारी १९७९

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला.
२. अर्जदाराची १९३० व १९३१ ची निकालपत्रे, अस्सल. नक्कल काढून घेण्यासाठी ती कोणास दाखविण्याचा धीर झाला नाही. आपले काम झाल्यावर परत न पाठविली तरी चालेल.
३. सरावाच्या वहीची पाने, चुकीच्या सालासह.