लॉकीच्या दातातली अर्धी काडी

मार्गरी, केप ब्रेटन

ती. मोरागताईस,

धाकट्या हेक्टरचा वाकून नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझे गुडघे, कॅल्गरीतली थंडी आणि दोन्ही मांजरी यांची खुशाली कळव. इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे; पण बाबा मजेत नाहीत, आणि खोटं लिहिलं की मला झोप लागत नाही. तेव्हा ते वाक्य गाळून वाच.

डॉक्टरांनी (माझ्यासारख्या दातांच्या नव्हे, खऱ्या) आशा ठेवू नका म्हणून सांगितलंय. त्यावर बाबांनी पलंगावरूनच स्वतःच्या अंत्यविधीची सूत्रं हाती घेतली. शवपेटी कुणी उचलायची, फादरनी किती थोडक्यात आटपायचं, नंतरच्या चहाला कुणाच्या हातचे ओटकेक अजिबात नकोत, सगळं ठरलं. कबरीपाशी बॅगपाइप मात्र लॉकी गिलिसनंच वाजवायचा. दुसरा कुणी आला तर ‘मी उठून बसेन’ अशी धमकी आहे.

आता लॉकी फुंकनळी समोरच्या दातांत चावून धरतो, आणि त्यातलाच एक हिरडीपाशी तुटला. मूळ शाबूत होतं. अशा वेळी मुळातली नस काढून त्या पोकळीत काचेच्या धाग्यांची बारीक पांढरी काडी रेझिन सिमेंटनं चिकटवायची आणि तिच्यावर नवा दात उभारायचा. एरवी हे काम मी निमूटपणे करतो. या वेळी त्या काडीवर बाबांचा अंत्यविधी उभा राहणार होता. (बाबा रोज विचारत, “बसला का रे त्याचा दात? मला किती ताटकळत ठेवणार आहेस?”)

सिमेंटच्या पत्रकात ठळक लिहिलंय की ते बारीक नळीनं तळापासून भरत वर यावं. यंत्रावरच्या तारेच्या फिरकीनं भरू नये, तिनं ते आत लवकर घट्ट होतं. पत्रक मी वाचलं होतं. माझी मदतनीस एफी हिला मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. तरी ऐन वेळी मनात आलं, तळाशी बुडबुडा राहिला तर? पकड सुटेल, दात कबरीपाशीच निखळेल, धून अर्ध्यावर तुटेल. मग कॉलेजात जुन्या सिमेंटसाठी शिकवलेली ती तारेची फिरकी मी हळूच, निव्वळ खात्रीसाठी, आत फिरवली. काडी अर्धी गेली आणि थांबली. दाबली. हलेना. “डॉक्टर, पुरे,” एफी म्हणाली, “तुम्ही त्याचं डोकं खुर्चीत रुतवताय.” लॉकीच्या तोंडावर रबराचा पडदा होता, त्यामुळे बिचारा नुसत्या भुवयांनी शिव्या देत होता.

ती अर्धी काडी पोखरून काढायला गेलो. काडी पांढरी, सिमेंट पांढरं, दातही पांढरा. काडी कुठे संपते आणि लॉकी कुठे सुरू होतो तेच दिसेना. दिसलं तेव्हा मी मुळाच्या भिंतीतून पलीकडे निघालो होतो. दात काढावा लागला. जखम भरेपर्यंत काहीही फुंकायचं नाही, हेही मलाच बजावावं लागलं.

“तुझ्या हातून जिवंत सुटलो, हेच खूप,” लॉकी कापसाचा बोळा चावत म्हणाला. “म्हाताऱ्याला सांग, माझ्यासाठी जरा दम धर म्हणावं.”

(फिरकी फिरवली ती माझी काळजी होती, की आपलं काम निर्दोष ठरावं ही हौस? काळजीच असती तर पत्रक पुरलं असतं.)

बाकी ठीक. नदीच्या काठानं बर्फ धरू लागलाय.

तुझा,
हेक्टर

ता. क. बाबांना काल सांगितलं. रागावले नाहीत, म्हणून मी घाबरलो. भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “मोरागला दम पुरतो का अजून?” मी म्हटलं, “कबरीपाशी बाई वाजवत नाही, असं तुम्हीच तिला सुनावलंत. त्यावरून आपला बॅगपाइप घेऊन गेली, ती परत आली नाही.” म्हणाले, “ते मला माहीत आहे. दात आहेत का तिला, तेवढं विचार.”

दुसरा ता. क. ते माफी मागतील असं मी लिहीत नाही; मागणार नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मी तुला फसवून बोलावलं असं व्हायचं. फक्त एवढंच, की कबरीपाशी वाजवलंस तर ते त्यांना ऐकू येणार नाही. म्हणून जमलं तर त्याआधी ये.