दामोदरचा सारीपाट

जानेवारी १९८४, रविवार संध्याकाळ

पांढुर्ण्याच्या बैठ्या खेळांच्या मेळ्याची बातमी उद्या पाठवायची आहे, आणि डोक्यात फक्त दामोदर. सौंसरचा माझा जुना मित्र. श्रावणात त्याची बायको शांता वारली. सारीपाटात ती दोघं कायमची भिडू. आज तो पाटाशी नुसताच उभा राहिला, म्हणून माझी बायको कुसुम शांताच्या जागी त्याच्यासमोर बसली. त्यांच्याविरुद्ध मी नि माझा धाकटा भाऊ. द्यूताची निंदा संस्कृतात पाठ असलेला मी शिरस्त्याप्रमाणे हरू लागलो.

"पंडित, खेळून राहिला का श्लोक म्हणून राहिला?" दामोदर हसला. किती महिन्यांनी!

मग त्याच्या सगळ्या सोंगट्या घरात पोचल्या. नियमाप्रमाणे आता त्याचं दान भिडूच्या कामी. कवड्या उचलून तो समोरच्या पिवळ्या सोंगट्यांकडे पाहत म्हणाला, "माह्यं झालं, शांते. तुह्यंच राह्यलं."

मी तोंड उघडणार, तोच कुसुमनं डोळ्यांनी दटावलं. मला जन्मात 'जी' न लावणारी ती, अगदी शांतासारखं म्हणाली, "टाका नं जी."

बरं केलं की वाईट? अजून ठरत नाही.

दान मोठं पडलं. शाबासकीसाठी त्यानं हसून वर पाहिलं, आणि समोर कुसुम होती.