सीमेबाहेरचा फलक

दुर्गाघाट, काशी

प्रिय कस्तुरी,

रोज फोनवर बोलतो, तरी आज पत्र लिहायला बसले आहे. फोन लागला की तुझे बाबा शेजारी कान देऊन बसतात आणि तू ‘मी बरी आहे’ म्हणून मला गप्प करतेस. पत्राला मधेच तोडता येत नाही. मागच्या खेपेसारखं होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिवस भरेपर्यंत पलंगावरून उठायचं नाही म्हटलंय ना, मग उठू नकोस. नागपूरच्या त्या खोलीत तू दिवसभर छताकडे बघत असशील, हे डोळ्यांपुढून हलत नाही. भाजी निवडताना निवडलेली देठांत टाकते, अशी माझी गत आहे.

इथली बातमी म्हणजे फलक. घाटांवर, गल्ल्यांच्या तोंडाशी इतिहासाचे नवे फलक लागलेत. बाबांना आयतंच काम मिळालं. रामघाटापासून एकेका फलकासमोर हात मागे बांधून उभे राहतात आणि कॉलेजातले पेपर तपासल्यासारख्या चुका काढतात. भोसले घाटावर नागपूरकरांचं नाव वाचलं आणि मला तूच आठवलीस. घाट कोणी बांधला ते सगळीकडे लिहिलंय, कुठली पायरी निसरडी आहे ते कुठेच नाही, असं मी म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत!

मग कळलं की कंदवा गावाच्या पुढे पंचक्रोशी यात्रेच्या रस्त्यावरही काशीच्या सीमेचा फलक बसतोय. झालं, बाबा ई-रिक्षा करून निघाले. तुला माहीतच आहे, यात्रेत काशी उजव्या हाताला ठेवून चालायचं. रस्त्याच्या उजवीकडे क्षेत्र, डावीकडे बाहेर. तर त्या लोकांनी फलकासाठी खड्डा खणला होता डावीकडे. सीमेचा फलक सीमेबाहेर! बाबांचं डोकंच फिरलं. हातवारे करत रस्ता ओलांडून गेले आणि मजुरांना शास्त्र समजावू लागले. ते म्हणाले, “पंडितजी, गड्ढा तो इधर ही खुदा है.” त्या खड्ड्यात बघताना बाबांच्या लक्षात आलं, आपण स्वतः कुठे उभे आहोत ते.

तुझ्या लग्नानंतर आम्ही दोघांनी क्षेत्रसंन्यास घेतला, मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही म्हणून. तू तेव्हा हसून म्हणाली होतीस, मीच येत जाईन. येतही होतीस. तू अशी अडकून पडशील आणि मला इथून हलता येणार नाही, हे कोणाच्या मनात आलं होतं? एकदाच तू फोनवर विचारलंस, आई, येशील का? मी विषयच बदलला. तू पुन्हा विचारलं नाहीस, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

बाबांचं म्हणशील तर रामघाटच्या दत्तात्रेयशास्त्रींनी त्यांना सांगितलं, नकळत घडलं, एक उपास करा, पुन्हा संकल्प करा. उपास झाला, संकल्प झाला, पण माणूस काही जाग्यावर येईना. गच्चीवर फेऱ्या, जेवणात लक्ष नाही, रोज सकाळी तो फलक हलवला का बघायला कंदव्याला. शेवटी परवा बोलले. म्हणाले, पद्मा, पलीकडे उभा होतो तेव्हा मला काहीच वाटलं नाही गं. तीच धूळ, तीच पेरूची झाडं. तेव्हापासून त्यांना चैन नाही. आणि ते ऐकल्यापासून मलाही नाही.

आज सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. फलक अजून डावीकडेच आहे. थेट आगगाडीत बसले असते तर सीमा कधी मागे पडली ते कळलंही नसतं, पण मला ती चुकून ओलांडायची नव्हती. चपला रिक्षात ठेवल्या, काशीकडे तोंड करून नमस्कार केला आणि अनवाणी रस्ता ओलांडून फलकाशी जाऊन उभी राहिले. बाबांना काहीच वाटलं नव्हतं, माझं तसं नाही झालं. मी रडत होते. बाबा पलीकडच्या कडेला हात मागे बांधून बघत होते. मग तिथूनच ओरडून विचारलं, तिकीट काढलंस का? काढलंय, बाळा. हे पत्र आधी पोचतं की मी, ते बघू. बाबा इथेच राहतील, त्यांचा संकल्प त्यांना सांभाळू दे. तू फक्त पडून राहा आणि दार उघडायला उठू नकोस.

तुझ्याकडे निघालेली,
तुझीच आई